दुसऱ्याच्या वहीतला ‘मी’

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नावाजलेल्या रॅपरसाठी ओळी लिहून देण्याचे काम विचारणाऱ्याकडे चालून आले आहे. मोबदला बरा आहे, मात्र नाव कुठेही येणार नाही. हिप-हॉपमध्ये स्वतःचे शब्द स्वतः लिहिण्याला एवढे महत्त्व असताना हे काम स्वीकारणे म्हणजे श्रोत्यांच्या फसवणुकीत सामील होणे ठरेल का, आणि पॉप गायकाने दुसऱ्याचे गीत गायले तर त्यात कोणाला काही वावगे वाटत नसताना रॅपरलाच वेगळा न्याय का, असे त्यांनी विचारले आहे. मी गेली अनेक वर्षे इतरांच्या आवाजांसाठी लिहीत आलो आहे, काही वेळा नावासह आणि पुष्कळदा नावाशिवाय, त्यामुळे या प्रश्नाकडे मी तटस्थपणे पाहतो असा दावा करणार नाही.

वेगळा न्याय का, इथून सुरुवात करू. गायक जेव्हा ‘मी’ म्हणतो तेव्हा तो ‘मी’ कोणाचाही असू शकतो, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते; विरहाचे गीत गाणाऱ्याचा त्याच आठवड्यात विरह झाला होता का, हे कोणी तपासत नाही. रॅपमधला ‘मी’ मात्र नावगावासकट येतो. आपल्या अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ अशी नाममुद्रा येते. रॅपर तीच नाममुद्रा बऱ्याचदा आरंभीच ठोकतो, आपले नाव एकेक अक्षर फोडून सांगतो, आपला रस्ता, आपले मित्र, आपले शत्रू मोजून दाखवतो. ओळीत नाममुद्रा असली की तिचा कर्ता कोण हा प्रश्न निव्वळ रसिकतेचा राहत नाही, हे प्रक्षिप्त अभंगांवरचे वाद वाचलेल्या कोणालाही पटेल.

ही सवय जिथून आली ती जागाही लक्षात घ्यायला हवी. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या मेळाव्यांत रॅपची ना ध्वनिमुद्रिका होती ना छापील गीत. मायक्रोफोन हाती घेणारा एमसी शेजारच्या गटातल्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा आपली यमके सरस आहेत हे त्याच रात्री, त्याच गर्दीसमोर सिद्ध करीत असे. अशा ठिकाणी दुसऱ्याची ओळ म्हणणे ही सरळसरळ चोरी मानली जाई आणि तिला ‘बाइटिंग’ असे नावही पडले. हा आक्षेप न विचारता उचलण्यावर होता, एवढे मात्र नीट ध्यानात ठेवावे. एका गटातल्या चौघांनी मिळून बांधलेली पदे आलटून पालटून म्हणणे तेव्हाही चालत असे आणि ते कोणाला खटकत नसे.

आणि या कलेला सर्वदूर नेणारे पहिले गाणेच दुसऱ्याच्या वहीतून आले. १९७९ साली न्यू जर्सीत ध्वनिमुद्रण कंपनी चालवणाऱ्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी तीन तरुण जमवून ‘शुगरहिल गँग’ उभी केली आणि ‘रॅपर्स डिलाइट’ ध्वनिमुद्रित केले. त्या तिघांपैकी बिग बँक हँक पिझ्झाच्या दुकानात काम करीत असे आणि ब्राँक्समधला एमसी ग्रँडमास्टर कॅझ याचे व्यवस्थापनही पाहत असे. दुकानात टेप लावून तिच्याबरोबर रॅप म्हणत असताना त्याची निवड झाली. स्वतःचे लिहिलेले काही नसल्यामुळे तो कॅझकडे गेला, आणि कॅझने आपली वही त्याच्यापुढे टाकली. हँकने ओळी इतक्या जशाच्या तशा घेतल्या, की कॅझचे ‘कॅसानोव्हा फ्लाय’ हे जुने नाव अक्षरे फोडून सांगणारी ओळसुद्धा त्याने तशीच म्हटली. आजही ते गाणे लावले की एक माणूस दुसऱ्याच्या नाममुद्रेसकट आपली ओळख करून देताना ऐकू येतो. गाणे अमेरिकेच्या टॉप ४० यादीत पोहोचले. कॅझचे नाव गीतकारांत आले नाही आणि त्याला रॉयल्टीही मिळाली नाही.

मी ही गोष्ट नव्या मुलांना मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण ती ऐकून बहुतेकांचा राग हँकवर निघतो आणि मला तो चुकीच्या जागी निघतो असे वाटते. हँकने म्हटलेल्या ओळींवर जे लोक नाचले त्यांचे काही नुकसान झाले नाही. नुकसान झाले ते कॅझचे, आणि ते ओळी दुसऱ्याने म्हटल्यामुळे झाले नाही, तर कागदावर नाव नसल्यामुळे झाले.

तीन वर्षांनी, १९८२ साली, ‘द मेसेज’ आले. झोपडपट्टीवजा वस्तीतल्या जगण्याचे ते चित्र रॅपच्या सामाजिक सच्चेपणाचा दाखला म्हणून आजही पुढे केले जाते, आणि ते योग्यच आहे. मुखपृष्ठावर नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्ह असे आहे. प्रत्यक्षात त्यातला बराचसा मजकूर एड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटी या स्टुडिओतल्या वादकाने लिहिला. गटातला एकटा मेली मेल त्याच्या जोडीने रॅप म्हणतो, आणि ज्याचे नाव सर्वांत वर आहे त्या फ्लॅशचा गाण्याच्या निर्मितीत जवळजवळ वाटाच नाही. चित्रफितीत बूटीच्या ओळींवर गटातल्या दुसऱ्याच एकाने ओठ हलवले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत २००२ साली या गाण्याचा समावेश झाला. आता हे गाणे खोटे म्हणायचे का? माझ्या मते नाही, कारण त्यात ‘मी फ्लॅश आहे आणि हे माझे आयुष्य आहे’ असा दावा कुठेच नाही. त्यातला ‘मी’ त्या वस्तीतला कोणीही आहे, आणि म्हणून तो गायकाच्या ‘मी’च्या जवळ जातो.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त शिकवून गेलेले उदाहरण मात्र इझी-ईचे आहे. १९८७चे ‘बॉइझ-एन-द-हूड’ आइस क्यूबने लिहिले. ते मुळात एका न्यूयॉर्कच्या गटासाठी होते. भाषा आणि प्रसंग फारच पश्चिम किनाऱ्याचे आहेत म्हणून त्यांनी ते नाकारले, आणि संगीतनिर्माता डॉ. ड्रेने इझी-ईला गळ घातली की तूच म्हण. इझी-ई तोवर रॅपर नव्हताच. तो ध्वनिमुद्रण कंपनीचा मालक होता, आणि लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या रस्त्यांवर पैसा कसा फिरतो हे त्याला जवळून माहीत होते. ड्रेने त्याच्याकडून एकेक ओळ घासून म्हणवून घेतली आणि तुकडे जोडून गाणे उभे केले. आता पाहा, ज्याने लिहिले तो क्यूब निरीक्षक होता, पुढे काही काळ ॲरिझोनात वास्तुरेखाटनाचा अभ्यासक्रम करायला गेलेला विद्यार्थी. आणि ज्याने म्हटले त्याच्याकडे लिहिण्याची हातोटी नव्हती, पण त्या गोष्टीतल्या माणसांमध्ये तो वावरला होता. क्यूबने ते स्वतः म्हटले असते तर लेखनाच्या कसोटीवर ते शंभर टक्के अस्सल ठरले असते. पण त्या बारीक, किंचित कंटाळलेल्या, बेफिकीर आवाजात जे आले ते आले असते का, याची मला शंका आहे. रॅपमध्ये शब्द कोणाचे, आवाज कोणाचा आणि जगणे कोणाचे हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण ते एकाच प्रश्नात कोंबतो म्हणून वाद कधी मिटत नाही. जाता जाता हेही सांगायला हवे, की इझी-ई आणि ड्रेबरोबरचा एन.डब्ल्यू.ए. हा गट क्यूबने १९८९ साली सोडला तो पैशांच्या हिशोबावरून; आपल्या ओळी दुसरा म्हणतो याची तक्रार त्याने केली नव्हती.

त्यानंतरचा इतिहास भराभर सांगता येईल. बिझ मार्कीच्या पहिल्या अल्बमसाठी बिग डॅडी केनने लिहिले आणि बिझच्या लोकप्रियतेला त्याने कणभरही धक्का बसला नाही, कारण लोक बिझकडे त्याच्या विनोदासाठी जात होते. १९८९च्या मोटार अपघातात स्वरयंत्र जायबंदी झालेल्या डी.ओ.सी.ने नंतर डॉ. ड्रेसाठी लिहिले. १९९९चे ‘स्टिल डी.आर.ई.’, ज्यात ड्रे ‘मी अजून तोच आहे’ असे ठासून सांगतो, ते न्यूयॉर्कच्या जे-झीने लिहून दिले आणि श्रेयनामावलीत त्याचे खरे नावही आहे. ड्रेच्या बाबतीत कोणी आरडाओरडा का केला नाही? कारण ड्रेने स्वतःला कधी शब्दप्रभू म्हणवून घेतले नाही. तो बीट, म्हणजे शब्दांखालचे तालसंगीत, घडवणारा, आवाज ओळखणारा, ध्वनिमिश्रणातला उस्ताद. श्रोत्यांशी त्याचा अलिखित करार तेवढाच होता आणि त्याने तो पाळला.

इथेच २०१५च्या जुलैमधल्या ड्रेक प्रकरणाची गाठ सुटते. मीक मिल या रॅपरने ट्विटरवर आरोप केला की ड्रेक आपल्या ओळी स्वतः लिहीत नाही, आणि क्वेंटिन मिलर या लेखकाचे नाव घेतले. पाठोपाठ मिलरच्या आवाजातले रेफरन्स ट्रॅक रेडिओवर वाजले. रेफरन्स ट्रॅक म्हणजे लिहिणाऱ्याने चाल, श्वासाच्या जागा आणि शब्दांचा तोल दाखवण्यासाठी स्वतःच्या आवाजात म्हणून ठेवलेला नमुना. आमच्या धंद्यात तो जितका नित्याचा, तितकाच बाहेर पडल्यावर घातक. मिलरचे नाव त्याच वर्षीच्या ड्रेकच्या ध्वनिमुद्रिकेच्या श्रेयनामावलीत आधीपासून छापलेले होते, म्हणजे अर्थाच्या कसोटीवर हे ‘भुताचे लेखन’, म्हणजे नाव लपवून दुसऱ्यासाठी लिहिणे (इंग्रजीत घोस्टरायटिंग), नव्हतेच. मग इतका गदारोळ का झाला? कारण ड्रेक गायक आणि रॅपर असे दोन्ही आहे, आणि रॅपर म्हणून तो स्वतःला त्या काळातल्या सर्वश्रेष्ठांत मोजत होता. श्रेष्ठत्वाचा दावा हा लेखनाचा दावा असतो. त्याने उत्तरादाखल ‘बॅक टू बॅक’ हे मीकची खिल्ली उडवणारे गाणे काढले, त्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले, आणि पुढच्या वर्षीचा त्याचा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत १३ आठवडे पहिल्या स्थानावर राहिला. बाजाराने त्याला माफ केले म्हणा किंवा बाजाराला त्याचे काही वाटलेच नाही म्हणा. पण २०१८ साली पुशा टी या रॅपरने ड्रेकशी भांडण उकरून काढले तेव्हा त्याने पहिले बोट क्वेंटिनच्या नावावरच ठेवले. विक्री आणि मान हे दोन वेगळे हिशोब आहेत, आणि रॅपर आपसांत दुसराच हिशोब ठेवतात.

म्हणून माझी कसोटी अशी आहे, की गाणे कोणता दावा करते ते आधी पाहावे. प्रतिस्पर्ध्याला ललकारणाऱ्या डिस ट्रॅकमध्ये ‘मी तुझ्यापेक्षा चांगला लिहितो’ हेच म्हणणे असते. ते दुसऱ्याकडून लिहून घेणे म्हणजे कुस्तीला दुसरा मल्ल पाठवून पदक आपण गळ्यात घालणे. अशी कामे मी घेत नाही. नाचण्याच्या गाण्याला हा नियम लावणे हास्यास्पद आहे. आणि ‘हुक’, म्हणजे परत परत येणारे ध्रुपद, तर आता बहुतेक ठिकाणी चार-पाच जण मिळून बांधतात. स्वतः पुरस्कार देणारेही हा फरक ओळखतात: ग्रॅमीत सादरीकरणाचा पुरस्कार वेगळा आहे आणि उत्कृष्ट रॅप गीताचा, जो गीतकारांना मिळतो, तो वेगळा. २००५ साली ‘जीझस वॉक्स’ला तो मिळाला तेव्हा कान्ये वेस्टबरोबर रायमफेस्टचेही नाव त्यात होते. २०१७चे कार्डी बीचे ‘बोडॅक येलो’ घ्या. सहलेखक पार्डिसन फाँटेन याचे नाव उघड छापलेले आहे, आणि तरीही त्या गाण्यातला तोरा दुसऱ्या कोणाला पेलला असता असे मला वाटत नाही.

‘स्वतः लिहिणे’ म्हणजे नेमके काय, हेही आता सोपे राहिलेले नाही. जे-झी आणि लिल वेन यांनी कागद-पेन केव्हाच बाजूला ठेवले. आज अनेक जण माइकसमोर उभे राहून एक ओळ म्हणतात, थांबतात, पुढची सुचली की तिथून पुन्हा मुद्रण सुरू करतात. याला पंच-इन म्हणतात. खोलीत बसलेल्या तिघांपैकी कोणीतरी एक शब्द सुचवतो, दुसरा यमक पुरवतो, तिसरा ‘हे दोन्ही उलट कर’ म्हणतो. अशा रात्रीनंतर लेखक कोण हे सांगायला मीही धजणार नाही.

दुसऱ्याच्या आवाजासाठी लिहिणे हे स्वतःसाठी लिहिण्यापेक्षा सोपे आहे, असाही एक गैरसमज आहे. मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटवर चार ठोक्यांचा एक बार सुमारे २.७ सेकंदांचा होतो, म्हणजे सोळा बारचे कडवे पाऊण मिनिटाहून थोडे कमी. तेवढ्या वेळात श्वास कुठे घ्यायचा हे म्हणणाऱ्याच्या फुप्फुसांवर ठरते, माझ्या नव्हे. मी पहिल्या भेटीत एकही ओळ लिहीत नाही; फक्त बोलायला लावतो आणि माणूस कोणत्या शब्दाला अडखळतो, कोणता शब्द शपथेसारखा वापरतो, रागात त्याचे वाक्य आखूड होते की लांबते, ते टिपून ठेवतो. माझ्या सर्वांत चांगल्या ओळी ऐकताना त्या माझ्या वाटत नाहीत, आणि ज्या माझ्या वाटतात त्या फसलेल्या असतात.

अस्सलपणाच्या या हट्टाची एक किंमत मात्र श्रोते विसरतात. रॅपमधला प्रत्येक ‘मी’ म्हणजे म्हणणाऱ्याची जबानी, असे आपणच सांगत राहिलो, आणि अमेरिकेतल्या सरकारी वकिलांनी ते अक्षरशः खरे धरले. कितीतरी खटल्यांत आरोपीच्या रॅपच्या वह्या न्यायालयात वाचल्या गेल्या आहेत. २०१४ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा ओळींचा गुन्ह्याशी भक्कम संबंध दाखवल्याशिवाय त्या पुरावा म्हणून मांडता येणार नाहीत असा निर्णय दिला. बॉब मार्लीने गाण्यात शेरीफला गोळी घातली म्हणून त्याने ती खरोखर घातली असे आपण मानत नाही, असा दाखलाही त्या निकालात आहे. कॅलिफोर्नियाने २०२२ साली याच दिशेने कायदा केला. ज्या ‘मी’साठी कोणी तुरुंगात जाऊ शकतो तो ‘मी’ बऱ्याचदा तिघांनी मिळून रचलेला असतो, हे उघडपणे मान्य केले तर कलेचे काही बिघडणार नाही आणि काही माणसे कदाचित वाचतील.

यंत्राचा मुद्दा हल्ली प्रत्येक जण काढतो, म्हणून थोडक्यात सांगतो. २०२३च्या एप्रिलमध्ये ‘हार्ट ऑन माय स्लीव्ह’ या गाण्यात ड्रेक आणि द वीकेंड यांचे आवाज यंत्राने बनवलेले होते आणि ते प्रसिद्ध करणाऱ्याने स्वतःचे टोपणनावच ‘घोस्टरायटर’ ठेवले होते. ते लवकरच मंचांवरून काढले गेले. आमचा धंदा त्यात पुरता उलटा झाला, कारण तिथे लिहिणारा खरा होता आणि म्हणणारा भूत.

आता तुमच्या कामाविषयी, आणि मी फक्त अमेरिकी कायद्यापुरते बोलतो. तिथे गीतकाराला आपले नाव लावून घेण्याचा स्वतंत्र कायदेशीर हक्क नाही. तसा हक्क १९९०च्या कायद्याने काही दृश्यकलाकृतींनाच दिला आहे. त्यामुळे नाव हवे असेल तर ते करारातच मागावे लागते. नाव नको असेल तरी वाटा सोडू नका: गीतरचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क हे वेगळे असतात, आणि श्रेयनामावलीत नाव न छापताही गीतरचनेतली टक्केवारी तुमच्याकडे राहू शकते. सहलेखकांत लेखी काही ठरले नसेल तर वाटे समान धरले जातात, म्हणून कोणाची किती टक्केवारी हे लिहिलेला एक साधा कागद, ज्याला स्प्लिट शीट म्हणतात, तो स्टुडिओतून बाहेर पडण्यापूर्वी त्याच रात्री सह्या घालून घ्यावा. मी उमेदीच्या काळात एका कंपनीला तोंडी शब्दावर आठ गाणी दिली होती. पहिले गाणे चालल्यावर त्यांनी माझे फोन घेणे बंद केले, आणि माझ्याकडे दाखवायला वहीशिवाय काही नव्हते. करारात ‘वर्क मेड फॉर हायर’ असे शब्द आले तर तिथे थांबा. त्या शब्दांचा अर्थ असा, की कायद्याच्या नजरेत लेखक तुम्ही नव्हेच, कामाला लावणारा आहे. आणि एरवी हक्क विकलेल्या लेखकाला ३५ वर्षांनंतर ते परत मागण्याची जी मुभा १९७६च्या कायद्याने दिली आहे ती अशा कामाला लागू होत नाही. गोपनीयतेच्या अटीवर सही करायला माझी हरकत नसते, फक्त आपला वाटा वसूल करण्यासाठी वकील, प्रकाशक आणि रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला सत्य सांगण्याची मोकळीक तीत लिहून घेतो. रेफरन्स ट्रॅक तारखेसह स्वतःजवळ जपून ठेवा आणि कोणालाही पाठवू नका.

फसवणुकीची टोचणी लागेल का, हे काम हाती आल्यावर कळेल. रॅपरने पार्टीचे गाणे मागितले तर बिनधास्त लिहा. त्याने एखाद्या प्रतिस्पर्ध्याला चिरडणारे गाणे मागितले तर नाही म्हणा. आणि त्याने गेलेल्या भावावर कडवे मागितले, जे हमखास कधीतरी मागितले जाते, तर घरी बसून ते लिहू नका. त्याच्यासमोर बसा, भाऊ त्याला कोणत्या नावाने हाक मारायचा हे विचारा, तो बोलत असताना टेप चालू ठेवा, आणि नंतर फक्त त्याचीच वाक्ये बीटवर बसतील एवढी कापून त्याच्या हाती द्या.